पात्याचे पोट

८ नोव्हेंबर
वर्कशॉपच्या ऑफिसातून, सकाळी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्हा सर्वांचे कुशल आहे असे गृहीत धरते. आधार इतकाच, की वाईट बातमी नातेवाइकांकरवी लगेच पोचते आणि गेल्या सहा वर्षांत तशी एकही आली नाही. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात. चौसष्टाव्या वर्षी तो त्यांचा हक्कच मानला पाहिजे. वहिनीला आशीर्वाद सांग.

इकडे आपले वर्कशॉप चालू आहे. पत्रा कापायचे मशीन बदलले. भट्टीच्या बाजूची भिंत नव्याने बांधली, त्यामुळे पॅकिंगच्या टेबलावर आता दिवसाही दिवा लावावा लागतो. ही चूक माझी, नकाशा मीच काढला होता. काँक्रीटच्या कडा गोल करायची हत्यारे आणि लांब दांड्याचे पाटे चांगले खपतात. ओली काँक्रीटची जमीन घोटायचे गुरमाळे मात्र खपत नाहीत. ज्या हत्यारावर वडिलांनी हे दुकान उभे केले, तेच कोबा करणारे लोक आपल्याकडून घेत नाहीत. नेतात आणि परत आणून देतात. तक्रार एकच: ओल्या काँक्रीटवर शेवटचा हात फिरवताना पाते रेघ सोडते.

मी आधी पत्रा बदलला. मग पत्र्याची जाडी बदलली. मग मूठ दोन सुतांनी मागे घेतली. रेघ तशीच राहिली.

गेल्या महिन्यात ठेकेदारीणबाई आल्या. गोदामांचे कोबे करतात त्या. तुझ्या ओळखीच्या आहेत. त्यांनी पिशवीतून दोन गुरमाळे काढले, एक नवा आणि एक तुझ्या हातचा, आणि मला जवळच्याच कामावर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "ताई, खाली बसा. टेका गुडघे." मी म्हणाले, माझे गुडघे तेवढ्या कामाचे राहिलेले नाहीत. त्या म्हणाल्या, "माझे तरी कुठे राहिलेत? तुमच्या गुरमाळ्यानं एक काम दोनदा करायला लावलं, तेव्हा अर्धे तुम्हीच खाल्लेत."

मी बसले. दोन्ही हत्यारे आळीपाळीने फिरवली. नव्याने रेघ सोडली. तुझ्याने सोडली नाही. बाईंनी मग ऑफिसात येऊन दोन्ही पाती टेबलाच्या काचेवर ठेवली. नवे सर्वत्र चिकटून बसले. तुझ्या पात्याच्या मध्याखाली कागद जाईना, कडांखाली मात्र सहज सरकला. "याला पोट आहे," त्या म्हणाल्या. "पोट टेकतं, कडा वर राहतात, म्हणून रेघ येत नाही. तुमचं नवं पातं उपाशी आहे."

हे तुला सांगणे हास्यास्पद आहे, याची मला कल्पना आहे. पण मी नुकतीच शिकले, म्हणून शिकलेला धडा म्हणून दाखवते. चुकत असेल तर दुरुस्त कर. पात्याला हे पोट दाबून येत नाही. ज्या लाकडी ठोकळ्यावर पाते ठेवून रिव्हेट ठोकतात, त्या ठोकळ्याला मधोमध उथळ खळगा असतो. हातोड्याच्या प्रत्येक घावाबरोबर पाते त्या खळग्यात किंचित उतरते आणि तसेच राहते. तो खळगा वडील दर दोन-तीन वर्षांनी स्वतः घडवत, आणि त्यांच्यानंतर तू.

आता कामाचे. रिव्हेटकाका महिनाअखेरीस काम सोडणार आहेत. त्यांच्या डाव्या डोळ्याने साथ सोडली आहे. त्यांनी आयुष्यभर त्या ठोकळ्यावर ठोकले, पण खळगा घडवला कधीच नाही. जुना ठोकळा आज वापरण्यासारखा राहिलेला नाही. नवे लाकूड आणले आहे. खळगा किती खोल, किती लांब, आणि मध्यापासून कडेपर्यंत उतार कसा, एवढे कळवलेस तर ते जाण्यापूर्वी दोनचार पाती ठोकून पाहता येतील. तू रिव्हेटकाकांवरून हे दुकान सोडलेस हे मी विसरलेले नाही. तो विषय इथे काढत नाही. प्रश्न फक्त मापाचा आहे.

उत्तराची अपेक्षा करते.

तुझी,
ताई


१९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. त्यावर एकच ओळ: "ज्यांनी रंधा मारून खळगा घालवला, त्यांनाच माप विचार, जाताना तेवढं तरी देऊन जातील."

कार्ड ऑफिसच्या टेबलावर होते. समोर खिडकीतून रिव्हेटकाका दिसत होते, डोळा पात्याला अगदी टेकवून ठोकत होते. मी ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकले, मग बाहेर काढले, पुन्हा टाकले. असे तीनदा झाल्यावर माझ्या लक्षात आले, की याला विचार करणे म्हणत नाहीत.

खळगा त्यांनी घालवला नाही. मी घालवला.

आता क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला तर मी पुन्हा आडमार्गाला लागेन.

सहा वर्षांपूर्वी तू पत्रा आणायला चार दिवस बाहेरगावी गेला होतास. एका मोठ्या दुकानदाराने निरोप पाठवला, की तुमचे गुरमाळे काउंटरवर ठेवले की डुगडुगतात. मी एक पाते काचेवर ठेवून पाहिले. खरेच डुगडुगत होते. मग ठोकळा पाहिला. मध्ये खळगा. मी निष्कर्ष काढला, की इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीने लाकूड झिजले आहे आणि पात्यातला दोष त्या झिजेतून आला आहे. सपाट जमीन करणारे हत्यार सपाटच असले पाहिजे, हे मला इतके उघड वाटले, की ते तपासावे असे मनात आले नाही. शेजारच्या सुताराला बोलावले. रिव्हेटकाका आडवे आले. "धाकटे परवा येतायत. त्यांना विचारून करू." मी म्हणाले, "यात विचारण्यासारखं काय आहे?" दहा मिनिटांत ठोकळा आरशासारखा सपाट झाला.

बावीस वर्षे मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. कार्याचा गुण कारणावर लादू नये, हा पहिल्या सत्रातला पाठ. फळ्यावर वर्तुळ काढून मी वर्गाला विचारत असे, "खडू गोल आहे का?" पोरे हसत. तोच प्रश्न मला स्वतःला विचारायची वेळ आली, तेव्हा मी सुताराला बोलावले.

पण ही चूक होती. चुकीसाठी हे पत्र लिहीत नाही. ती मी तुला तेव्हाच सांगितली असती, तर तू दोन दिवस घुमा राहिला असतास, मला वर्गातली मास्तरीण म्हणून चार टोमणे मारले असतेस आणि तिसऱ्या दिवशी पटाशी घेऊन बसला असतास.

तू परत आलास. ठोकळ्यावर हात फिरवलास आणि विचारलेस, "कोणी केलं हे?" मी ऑफिसच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. तू माझ्याकडे पाहिलेही नाहीस. ठोकळा रिव्हेटकाकांचा, म्हणून त्यांच्याकडेच पाहिलेस. ते म्हणाले, "माझ्याकडून झालं." तू म्हणालास, "काका, बाबांचा हात पुसून टाकलात तुम्ही." आणि नंतर जे बोललास ते मी लिहीत नाही, तुला आठवत असेलच.

त्या वेळी एक वाक्य पुरे होते. मी ते बोलले नाही. बोलले काय, तर त्यांची बाजू घेतली! एका चुकीवरून जुन्या माणसाला काढता येणार नाही, हेतू आणि परिणाम यांत फरक केला पाहिजे, राग हा पुरावा नव्हे. उत्तम युक्तिवाद होता. एकही पायरी सुटलेली नव्हती. ज्या माणसाने काही केलेच नव्हते, त्याला क्षमा मिळवून देण्यासाठी मी तो केला, आणि करताना मला मी फार न्यायी वाटत होते. तू म्हणालास, "एक तर ते राहतील, नाही तर मी." मी म्हणाले, "अशा भाषेत निर्णय होत नसतात." तू सामान बांधलेस.

खोटे बोलले नाही, असे मी सहा वर्षे स्वतःला सांगत आले. शब्दशः ते खरे आहे. त्याचा उपयोग काहीच नाही.

तुझे कार्ड आल्यानंतर मी बाहेर जाऊन रिव्हेटकाकांना विचारले, "तुम्ही तेव्हा स्वतःवर का घेतलंत?" त्यांनी हातोडा खाली ठेवला नाही. म्हणाले, "धाकटे माझ्यावर चिडले तर दोन दिवसांत परत येतील असं वाटलं. लहानपणापासून माझ्यावर चिडायची सवयच होती त्यांना. तुमच्यावर चिडले असते तर कायमचे गेले असते. बहीण-भावाचं भांडण मिटत नाही लवकर." मग एक रिव्हेट ठोकून म्हणाले, "अंदाज साफ चुकला. तुमच्याकडं दोन इयत्ता शिकायला हवं होतं मी."

"माझ्याकडे शिकून काय झालं ते पाहताय ना?" मी म्हणाले.

"ते पण आहेच," ते म्हणाले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळेपणी हसले.

मी त्यांना सांगितले, की हे सगळे तुला लिहिणार आहे. ते म्हणाले, "लिहा. पण माझी फार स्तुती करू नका, त्यांना संशय येईल." म्हणून करीत नाही. फक्त वस्तुस्थिती नोंदवते: या माणसाने सहा वर्षे तुझा राग वाहिला, रोज माझ्या समोर बसून काम केले आणि मला एकदाही त्याची आठवण करून दिली नाही.

माप पाठवू नकोस. तो प्रश्न मी मागे घेते. हत्याराच्या निमित्ताने तुझ्याशी बोलायला सुरुवात करायची, हा माझा डाव होता आणि तो सरळ नव्हता. माझे मागणे एवढेच आहे, की तू त्यांना पत्र लिही. त्यांना, मला नाही. महिनाअखेरीस ते जातील, ते तुझ्या नजरेतले अपराधी म्हणून जाऊ नयेत. माझ्याविषयी तुला जे वाटायचे ते वाटू दे. त्यावर मी कोणताही युक्तिवाद करणार नाही.

तुझी अपराधी,
ताई


३ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

तुझे पत्र काल आले, रिव्हेटकाकांच्या नावाने. त्यांना अक्षर लागेना, म्हणून ते पत्र घेऊन ऑफिसात आले. "वाचून दाखवा." मी म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, ते तुमचं आहे." ते खुर्ची ओढून बसले. "दुसऱ्या कुणाला कशाला? तुमच्यामुळं आलंय, तुम्हीच वाचा."

शिक्षा म्हणून त्यांनी हे केले असे मला वाटत नाही. पण शिक्षा म्हणून ते अचूक होते. तू त्यांची माफी मागितलीस ते मी वाचले. त्या दिवशी जे बोललास, ते शब्द तू एकेक करून परत लिहिलेस आणि परत घेतलेस. तेही मोठ्याने वाचले. मध्ये मी एकाच ओळीवर दोनदा अडखळले. रिव्हेटकाका छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सावकाश. घाई नाही. आज काही लोड नाही."

माझ्याविषयी तू शेवटी दोनच वाक्ये लिहिलीस. "ताईला सांगा, खळग्याचं माप कागदावर येत नाही, हात लागतो. गुरुवारी येतो, एक दिवस." ती त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग डोळे पुसले आणि म्हणाले, डोळ्याच्या औषधाने पाणी येते. ते औषध त्यांनी गेल्या आठवड्यातच बंद केले आहे, हे मला माहीत आहे. मी ते सांगितले नाही. प्रत्येक खरे वाक्य बोललेच पाहिजे असे नाही, हे मी उशिरा शिकते आहे.

महिना संपला तरी ते गेलेले नाहीत. म्हणतात, नव्या ठोकळ्यावरचे पहिले पाते ठोकून मग जाईन. ठेकेदारीणबाईही गुरुवारी येणार आहेत. मी बोलावले नव्हते. रिव्हेटकाकांनी परस्पर निरोप धाडला, "पातं जेवायला बसणार आहे, तुम्ही या."

तू मला माफ केले आहेस, असा अर्थ तुझ्या दोन वाक्यांतून निघत नाही. मी तो काढलेला नाही. तू येशील, काम करशील आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता परत जाशील, हेही शक्य आहे. तसे झाले तर मी ऑफिसात बसून राहीन आणि तुझ्या पटाशीचा आवाज ऐकेन. सहा वर्षांत तेवढेही मिळालेले नाही. पण विचारलेस, तर आता कशाचेही उत्तर देईन, उलट प्रश्न न विचारता. आणि ओरडलास, तर ओरडू देईन. या खेपेस माझ्या हातात चहाचा कप नसेल.

"एक दिवस" या शब्दांवरून दुसऱ्या दिवसाचे काहीच अनुमान निघत नाही. हे मी जन्मभर शिकवले आणि ते आजही खरेच आहे. तरीही आज सकाळी मी माणूस बोलावून वरच्या खोलीची खिडकी दुरुस्त करून घेतली, गादीला ऊन दाखवले आणि दोन पांघरुणे काढून ठेवली. रिव्हेटकाकांनी खालून विचारले, "एका दिवसाला दोन पांघरुणं कशाला, ताई?"

मी गादी उलटून तिची दुसरी बाजू उन्हाला दिली.

गुरुवारपर्यंत,
कोणत्याही आधाराशिवाय तुझी वाट पाहणारी,
तुझी ताई