रिकाम्या गल्लीचे फोटो

प्रिय भिंगरी,

आपण तटाच्या आतली माणसं. तू राजधानीत नोकरीला गेलीस तरी आतलीच, हे आधीच सांगून टाकते. आणि आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे: आपल्या गल्लीबद्दल साऱ्या जगाला कळवलं जातं आणि आपल्याला कुणी काही विचारत नाही. इथल्या दगडांची चौकशी होते, कमानींची होते, भिंतीतून डोकावणाऱ्या गवताचीसुद्धा होते. त्या भिंतीआड कोण राहतं, याची कुणाला पडलेली नाही. झालं, मावशीचं भाषण सुरू झालं, असं म्हणून तू डोळे फिरवले असशील. खुशाल फिरव. सभेत लोक मध्येच घड्याळं बघतात, पत्रात मला ती दिसत नाहीत, म्हणून तर मला पत्रं लिहायला आवडतात.

मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण वाचनालयाचा जिना चढेपर्यंत कुरकुरून शेवटी तोच दमतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी नवा चष्मा घेतला आहे आणि आता त्यांना सगळ्यांच्या कपड्यांतल्या उसवलेल्या शिवणी रस्त्यातूनच दिसतात, त्यामुळे लोक त्यांना टाळून जातात. आणि तुझं म्हणशील तर गल्लीतला प्रत्येक माणूस तुझ्या नावाने छाती फुगवून फिरतो आहे. आपली भिंगरी देशाचा अहवाल लिहिते! भाजीवालीने परवा मला विचारलं, देशाचा म्हणजे सगळ्या देशाचा का हो? मी म्हटलं, नाही, फक्त आपल्या तटाच्या आतल्या गावाचा. ती म्हणाली, मग तेवढाच तर देश आहे माझा. अशी उत्तरं मला व्यासपीठावर का सुचत नाहीत?

गेल्या वेळी आलीस तेव्हा तू मला ते काम समजावून सांगितलं होतंस. जागतिक वारशाच्या यादीत एखादी जागा गेली की ती नीट जपली जाते आहे की नाही, हे त्या त्या देशाने समितीला लिहून कळवायचं. समितीचे तज्ज्ञ ते वाचणार, शंका काढणार, आणि मग देशाने एकेका शंकेला उत्तर द्यायचं, सोबत फोटो जोडायचे. तू गंभीरपणे सांगत होतीस आणि मला हसू आवरत नव्हतं, कारण मुलाने स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतःच भरायचं, असा हा सगळा प्रकार. तू गेल्यावर मी वाचनालयाच्या संगणकापुढे बसून देशोदेशीचे असे अहवाल वाचायचा सपाटाच लावला. काय सांगू तुला! कादंबऱ्यांत नसते एवढी माणसाची तऱ्हा त्यांत आहे. एक देश पानंच्या पानं नव्या दिशादर्शक पाट्यांचं कौतुक करतो आणि खचलेल्या पायाबद्दल अर्ध्या ओळीत उरकतो. दुसरा प्रत्येक प्रश्नाला ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढंच म्हणतो, वर्षानुवर्षं, तेच शब्द, तोच स्वल्पविराम. पण एका देशाने सरळ लिहिलं होतं की घुमटाची गळती थांबवायला आम्ही जो लेप लावला तो चुकला, त्याने ओल आतच कोंडली, आता आम्ही तो काढतो आहोत. ते वाचून मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. खरंच उभी राहिले. वर्तमानपत्र वाचायला आलेले लोक बघायला लागले, बाईंना मुंगी चावली की काय! अगं, आमचं चुकलं असं एक अख्खा देश जगापुढे लिहितो, याहून मोठं शौर्य मला तरी रणांगणावर दिसलेलं नाही.

मग मी आपला कागद शोधला. आपल्या गावाबद्दल समितीने लिहिलं होतं: ‘मध्यवर्ती भागातील रहिवासी झपाट्याने कमी होत असल्याचे छायाचित्रांवरून दिसते, याबाबत देशाने खुलासा करावा.’ मी कपाळाला हात लावला. छायाचित्रांवरून! तुला ती छायाचित्रं कशी निघत होती ते वेगळं सांगायला नको, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. जतन खात्याचा फोटोग्राफर कमानीपाशी दिसला की शिंपीकाका शिट्टी फुंकायचे. शिट्टी झाली की सगळ्यांनी दोरीवरचे कपडे उतरवायचे, कुंड्या आत, सायकली मागच्या बोळात, स्टुलं आत, खिडक्या बंद, आणि माणसं खिडक्यांच्या मागे श्वास रोखून उभी. कुठल्याशा साहेबांनी कधीकाळी ‘मूळ स्वरूप दिसलं पाहिजे’ असं म्हटलं होतं. आपल्या लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की घरात पाहुणे येणार म्हणून करावी तशी गल्लीची आवराआवर व्हायची. कुणी सक्ती केली नव्हती. आपणच हौसेने स्वतःला पुसून टाकत होतो, आणि वर फोटो किती स्वच्छ आला म्हणून खूश व्हायचो. तुझी आई, माझी ताई, तेवढी कुरकुरायची. ओले कपडे पुन्हा बादलीत कोंबताना म्हणायची, आपण कपडे घालतो हे जगाला कळलं तर काय आभाळ कोसळणार आहे?

आभाळ कोसळलं ते कळलं नाही म्हणून. समितीचं ते एक वाक्य हातात धरून विकास मंडळाची माणसं रंगीत नकाशे घेऊन आली. वस्ती तशीही रिकामी होतेच आहे, तर उरलेल्या कुटुंबांना तटाबाहेर नव्या इमारतींत हलवू आणि इथल्या घरांची प्रदर्शनाची दालनं करू. नकाशात माझ्या स्वयंपाकघराच्या जागी तिकीटखिडकी आहे, बरं का. या वेळच्या अहवालात देशाने ‘होय, वस्ती ओसरली आहे आणि आमच्याकडे ही योजना आहे’ असं लिहिलं तर आपण संपलो. ‘इथे माणसं राहतात’ असं लिहिलं तर मंडळाच्या योजनेचा पायाच जातो. आणि त्या उत्तराचा मसुदा तुझ्या टेबलावर आहे. हे तुला माहीत आहे आणि मलाही, तरी फोनवर आपण दोघी हवापाण्याच्या गप्पा मारतो.

म्हणून मी वाचनालयात सभा घेतली. भाषण छान झालं, असं लोक म्हणाले. मी विचारलं, ज्या घरात कुणाचा टॉवेल वाळत नाही त्या घराला वारसा म्हणायचं की नुसता सांगाडा? टाळ्या पडल्या. शिंपीकाका मात्र मागच्या बाकावर तोंड पाडून बसले होते. म्हणाले, म्हणजे माझ्या शिट्टीने गल्ली ओस पाडली म्हणता का? मी म्हटलं, मी कुठे म्हणतेय काका, जगाने म्हटलंय. ते म्हणाले, जगाला काय कळतंय, जगाचं माप मी घेतलेलं नाही. पण सभा संपल्यावर त्यांनी शिट्टी खिशातून काढली आणि माझ्या टेबलावर ठेवून गेले.

परवा फोटोग्राफर आला. या वेळी कुणी काही उतरवलं नाही. उलट ज्यांनी आदल्या दिवशी धुणं उरकलं होतं त्यांनी कोरडे कपडे पुन्हा भिजवून वाळत घातले, इतका उत्साह! बिचारा कमानीतच थांबला. म्हणाला, अहो बाई, हे काय मांडलंय? आधी हे आवरा, मला दगड दिसत नाहीत. मी म्हटलं, दगड कुठे पळून जात नाहीत. माणसं कामाला निघतील, आधी त्यांचे फोटो घ्या. तो म्हणाला, साहेब ओरडतील. शिंपीकाका दारातून म्हणाले, ओरडू देत, तुमच्या साहेबांचा कोट मीच शिवलाय, फार जोरात ओरडले तर बटण तुटेल. तो हसला आणि तिथेच आम्ही जिंकलो. त्याने फोटो घ्यायला सुरुवात केली. दारात बसून पुस्तकं शिवणारा बाइंडर, खिडकीत केस विंचरणाऱ्या बायका, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवणारी पोरं, सगळं टिपत तो पुढे सरकत होता. मला एवढं भरून आलं की भर गल्लीत मी हात वर करून म्हटलं, लिहून घ्या, या गल्लीत एकही घर बंद नाही!

त्याने कॅमेरा डोळ्यावरून काढला आणि समोर वर बोट दाखवलं. म्हणाला, आणि ते हो?

तुझी खिडकी. ताई गेल्यापासून बंद असलेली.

तू मला ओळखतेस. मंत्र्यांपुढे माझी जीभ अडखळली नाही. पण आता सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती आणि मी पदराने घाम पुसत होते. तेवढ्यात नर्सबाई बोलली. तू तिला पाहिलेलं नाहीस. कमानीजवळच्या दवाखान्यात गेल्या वर्षी लागली, लांबून दोन बस बदलून येते. तिला इथेच राहायचं आहे, सासू आणि लहान लेकीला घेऊन, पण तटाच्या आत भाड्याने जागा मिळत नाही. ती एवढंच म्हणाली, मला या खोल्या मिळाल्या असत्या, तर मी खिडकी रोज उघडली असती. फार हळू म्हणाली. माझ्या सगळ्या भाषणापेक्षा ते वाक्य लांबवर ऐकू गेलं.

आता तुझ्याशी हवापाण्याचं बोलणं पुरे. गेल्या फोनमध्ये तू सहज सांगितल्यासारखं सांगितलंस की मंडळाचा माणूस तुला भेटला आणि तू खोल्या त्यांना द्यायच्या विचारात आहेस. ते आईचं स्वयंपाकघर जसंच्या तसं ठेवणार आहेत मावशी, म्हणालीस, दोरी लावून, कुणी हात लावणार नाही. तेव्हा तुझा आवाज लहानपणी ताप आला की व्हायचा तसा झाला होता, म्हणून मी विषय बदलला. आज बोलते. जसंच्या तसं म्हणजे कोणत्या वर्षीचं, भिंगरी? माझ्या बहिणीने ते फडताळ दर वर्षी जागेवरून हलवलं. कधी खिडकीशी, कधी दाराशी, एकदा तर दार उघडेना म्हणून मला बाहेर उभं राहावं लागलं. भिंतीचा रंग तिने इतक्यांदा बदलला की पोपडा निघाला तर खाली इंद्रधनुष्य सापडेल. तिच्या स्वयंपाकघराला दोरी लावली, तर ती ओलांडून आत जाणारी पहिली तीच असती, हातात ओलं फडकं घेऊन.

मला तुझं दुःख कळतं. माझीही बहीण होती ती. दुसऱ्या कुणाचं भांडं त्या चुलीवर चढलं की ती खरोखर गेली असं होईल, ही भीती मलाही आहे, म्हणून तर किल्ली माझ्याकडे असून मी आत पाऊल टाकलेलं नाही. पण आपण दोघी तिला जपत नाही आहोत, आपण फक्त खिडकी बंद करून मागे श्वास रोखून उभ्या आहोत.

तुझ्या मसुद्यात खोटं लिही असं मी म्हणणार नाही. आपल्या बाजूचं खोटंसुद्धा मला नको. एक घर बंद असेल तर एक घर बंद आहे असंच लिही, आणि साहेबांनी ते रिकाम्या गल्लीचे जुने फोटो जोडायला सांगितले तर नवे फोटो त्यांच्यापुढे ठेवून भांड. ते तुझं काम आहे आणि ते तू माझ्यापेक्षा चांगलं करशील, त्याची मला काळजी नाही. परत राहायला ये असंही म्हणत नाही. तू तिथे सुखात आहेस हे मला तुझ्या आवाजावरून कळतं, आणि सुट्टीत यायला माझी बाहेरची खोली आहेच. ताईच्या वस्तूंतलं तुला जे हवं ते मी माझ्या घरी आणून ठेवते, बाकीचं नर्सबाई वापरेल. मी हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. तिचा फोन नंबर पत्राच्या मागच्या बाजूला लिहिला आहे. हे वाचून झालं की मला नको, मंडळाच्या माणसालाही नको, आधी तिला फोन कर आणि सांग, किल्ली मावशीकडून घ्या आणि राहायला या.

तुझीच, आणि तुझ्या उत्तराआधीच झाडू घेऊन तयार असलेली,
मावशी