गाडी आठ दिवस हललेली नाही

बाबा,

गाडी चार्जिंगला लावली आहे, मी बसने जातेय. आपलं गाण्यांचं खातं एकच आहे, हे तुम्ही विसरलात. तुम्ही गाडीत गाणं लावलंत की दवाखान्यात कामावर असताना माझं बंद पडतं आणि फोनवर 'गाडी'त वाजतंय असं दिसतं. आठ दिवस झाले, दहा ते पाच हेच चाललंय आणि गाडीचा एक किलोमीटरही वाढलेला नाही. काल आईने ऑफिसचं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "रोजचंच."

नोकरीचं मी विचारत नाही. आईला तुम्हीच सांगा, आणि आजच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, माहीत आहे ना!

आज आपल्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीत बसू नका. गाणी घरातल्या स्पीकरवर लावा, हवी तेवढी मोठ्याने. माझ्या फोनवर 'गाडी'ऐवजी 'घर' दिसलं, की माझा जीव भांड्यात पडेल.