जबलपूरला नेता येईल असं यंत्र

६ जानेवारी १९९८, सांगली

लॅपटॉपच घ्यायचा — एवढं आज नक्की झालं! कोणता, ते अद्याप नाही.

ऋषिराजची फौजेतली नेमणूक आता जबलपूरला आहे. तिथे कुटुंबाला सोबत राहता येतं; क्वार्टरसाठी त्यानं नाव घातलं आहे. लग्नानंतर प्रथमच आम्ही सुट्टीपुरते नव्हे, तर सलग एकत्र राहू. माझं काम मात्र इथलं — हळदीची पाकिटं, बेदाण्याचे खोके, त्यांवरची अक्षरं आणि चित्रं. प्रेसमधला संगणक तासावर घेऊन करते. ते काम उचलून सोबत नेता आलं पाहिजे. नेता आलं, की मी निघाले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. कधी येतेस, म्हणाला. यंत्र ठरलं की लगेच, म्हटलं. मग त्याला हार्ड डिस्क आणि मेमरी यांतला भेद समजावून सांगितला. हार्ड डिस्क म्हणजे कपाट. मेमरी म्हणजे टेबल. पाकिटाचं चित्र चार रंगांच्या थरांनी बनतं. टेबल लहान असेल, तर एक थर उचलून कपाटात ठेवल्याशिवाय दुसरा पसरता येत नाही, आणि सारा वेळ या ठेवण्या-काढण्यातच जातो. म्हणून मेमरीत काटकसर नको! "मागं रांग लागलीय," म्हणाला. बूथवरून बोलत होता.

१८ जानेवारी

इस्लामपूरजवळ सासरी जाऊन आले. सासूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी विचारलं, अजून हितंच कशी? मी सांगितलं, की थोडं थांबलं तर नव्या जातीचा प्रोसेसर येतो आणि जुन्याची किंमत उतरते. घाई करणं शहाणपणाचं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लगीन मशिनीसंगं लागलंय व्हय गं तुजं?"

जावा हसल्या. मीही हसले. परतीच्या एसटीत मात्र ते वाक्य सोबत होतं.

३ फेब्रुवारी

दुपारभर वीज नव्हती. लॅपटॉपला बॅटरी असते — हाही मुद्दा लक्षात ठेवावा.

११ फेब्रुवारी

साताऱ्याला सुमंतकडे गेले. कलाविद्यालयात एका वर्गात होतो. आता तो संगणक विकतो. त्याच्याकडे दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी पाहायला मिळाले. माझं नेहमीचं गिऱ्हाईक, हळदीचे व्यापारी भाऊसो, यांचं छापील पाकीट मी बरोबर नेलं होतं. त्याचंच चित्र दोन्ही पडद्यांवर उघडलं आणि पाकीट शेजारी धरून पाहिलं. कागदी माहितीपत्रकं रंगाविषयी काहीही सांगोत. खरी परीक्षा हीच!

स्वस्त यंत्राच्या पडद्यावर हळद हिरवट झाली. महागाच्या पडद्यावर ती हळदच राहिली. कारण फार सुंदर आहे. पहिल्यात बिंदूंच्या अख्ख्या ओळीवर मिळून एकच राखणदार असतो. तो पुढं सरकला, की मागचे बिंदू ढिले पडतात. दुसऱ्यात प्रत्येक बिंदूला स्वतःचा राखणदार. मात्र दोन्हींत एक उणीव आहे. डोळे अगदी समोर असतील तोवरच रंग खरा. जरा बाजूला सरकलं, की चित्र काळवंडतं.

मी आणखी बरंच विचारलं. सुमंत म्हणाला, "उमे, तुला घ्यायचाय का मला नापास करायचंय?" पण महागातला एक नमुना काही दिवस वापरायला पाठवतो, म्हणाला.

ते राखणदारांचं कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. एसटीत शेजारच्या बाई झोपल्या होत्या. स्टँडवर उतरून एकटीनंच चहा घेतला.

२६ फेब्रुवारी

ऋषिराजचा फोन. थंडी ओसरली, सुट्टी मंजूर झाली, असं बोलला. कधी येतेस, हे विचारलं नाही. मीच म्हटलं, की मोठ्या डिस्कचं मॉडेल लवकरच येणार आहे. "बघ नीट," म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ हात रिसीव्हरवरच होता.

९ मार्च

प्रेसमध्ये भाऊसो आले होते. नव्या पाकिटाचा रंग पसंत करायचा होता. नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि पडद्यावर बोट टेकवलं. "बाई, ही हळद हाय, लिंबू न्हाई." मी पिवळ्यात किंचित तांबडा मिसळला. "अजून." पुन्हा मिसळला. "थांबा. ही आली बगा माझी हळद."

नंतर म्हणाले, तुमी जबलपूरला गेल्यावर ह्ये कसं व्हायचं? मी सांगितलं, छापील नमुना कुरिअरनं येईल, तुम्ही शेरा मारून परत पाठवायचा. त्यांनी मान हलवली. "कागद यील हो. पर जोडीला बसून बोट कुटं ठेवायचं?"

ते गेल्यावर पडद्यावरचा बोटाचा पिवळा डाग पुसायला फडकं घेतलं. मग तसाच राहू दिला.

२१ मार्च

ऋषिराज सुट्टीवर आला आहे. सुमंतनं पाठवलेला लॅपटॉपही कालच पोचला. आज दोघांची गाठ घालून दिली!

टेबलावर लॅपटॉप उघडला आणि भाऊसोंचं पाकीट ऋषिराजला दाखवू लागले. तो शेजारी कॉटवर बसला होता. थर एकेक करून उलगडले — नुसता पिवळा, मग तांबडा, मग काळी अक्षरं.

"उमा, हितनं मला कायबी दिसत न्हाई."

मी समजावलं, की हा पडदा एका वेळी एकाच माणसासाठी असतो. तुला माझ्या जागी बसावं लागेल. तो उठला नाही. म्हणाला, क्वार्टर मिळालं होतं. त्यानं ते परत केलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"काय सांगू? दर खेपेला विचारायचो. दर खेपेला बाजारात तुझं नवीन मशीन यायचं." आवाजात राग नव्हता. "लेकरंवाली माणसं रांगेत हायत. रिकामं कुलूप लावून किती ठेवायचं? मी लिहून दिलं, कुटुंब येणार नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. सुरू होत नव्हती.

"परत नाव घालतो," तो म्हणाला. "पण आत्ता सांग. येणार का?"

विचार करून सांगते, म्हटलं.

त्यानं मान डोलावली. मग खरोखरच उठून माझ्या मागं उभा राहिला, वाकून पडदा पाहिला. "रंग चांगला हाय," म्हणाला.

२४ मार्च

तो गावी आईकडे गेला आहे. तिथूनच परस्पर मिरजेला गाडी पकडणार. जाताना पुन्हा विचारलं नाही. मी त्याला पोचवायला यावं का, हे मीही विचारलं नाही.

जबलपूरला काय काय करता येईल, ते दिवसभर मनात मांडत होते. टेबल खिडकीशी कसं ठेवीन, कुरिअर कुठून पाठवीन, वीज गेली तर बॅटरी किती टिकेल. त्या घरात ऋषिराज कुठं बसेल, हे संध्याकाळपर्यंत सुचलंच नव्हतं.

२७ मार्च

सुमंतला फोन केला. लॅपटॉप परत पाठवते, म्हटलं. मग काय देऊ, म्हणाला. डेस्कटॉप, म्हटलं — मोठ्यात मोठ्या मॉनिटरचा, शेजारी बसणाऱ्यालाही रंग दिसेल असा.

"जड होतो गं तो. पुढं कुठं हलवायचा नाही ना?"

"नाही."

कोणत्याही प्रश्नाला मी इतकं झटकन उत्तर दिलेलं सुमंतनं कधी ऐकलं नसावं. मीही नाही. येत नाही, हे ऋषिराजला अजून सांगायचं आहे.