‘बसणे’ या शब्दाचा खुलासा

माकणी, सोमवार

तीर्थस्वरूप चन्नबसप्पा मामांना धुळाप्पाचा वाकून नमस्कार. इकडं मी आणि तुमची बहीण, म्हणजे आई, बरे आहोत. तिकडं तुमचा गुडघा, मामींचे डोळे आणि दैवशाला (हा क्रम वयानं लावला आहे, आठवणीनं नाही) कसे आहेत ते कळावं. फोनच करणार होतो, पण माझा फोन हल्ली बेंबळीत कुणी उचलत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. म्हणून हे पत्र. घोटाळा एका शब्दाचा आहे आणि तो मला निस्तरायचा आहे.

मागच्या आठवड्यात दैवशालानं आईला फोन करून माझं कसं चाललंय ते विचारलं. आईनं खरं तेच सांगितलं, "व्हय, दर रविवारी बसतो की लोहाऱ्याला. सात-आठ जण अस्त्यात. एक रविवार चुकवत न्हाय." आईला वाटलं, लेकाची अब्रू वाढवली. तिकडून फोन बंद झाला तो झालाच. मामा, आपल्याकडं पुरुषमाणूस ‘बसतो’ म्हटलं की पुढ्यात काय घेऊन बसतो हे कुणी विचारत नाही. पण मी अकरा रविवार बसतोय तो दारू सोडलेल्यांच्या बैठकीत, आणि पुढ्यात फक्त काळा चहा असतो.

या शब्दानं आधी मलाही फसवलं होतं. बैठकीची माहिती दिली लोहाऱ्याच्या एका शिंप्यानं. (तिथली नावं बाहेर सांगायची नाहीत असा नियम आहे, म्हणून मी त्यांना जाफरभाई म्हणतो. खरं नाव तुम्ही ओळखालच, कारण माझ्या लग्नातला तुमचा आखूड बाह्यांचा कोट त्यांनीच शिवला होता.) ते म्हणाले, "रविवारी सकाळी अकराला आमी बसतो. तुमी बी या." आता वीस वर्षं बसलेल्या माणसाला रिकाम्या हातानं जाणं बरं दिसेना. अर्धा किलो खारे शेंगदाणे, शेव आणि चिरलेला कांदा पिशवीत घेतला. बैठक दारू सोडायची आहे हे ठाऊक असूनही घेतला, हे तुम्हाला पटणार नाही. मलाही पटलेलं नाही.

पत्ता मात्र नीट विचारला नव्हता. लोहाऱ्यात जीप लावली आणि पानटपरीवर चौकशी केली. दारू सोडणारे कुठं भेटतात असं विचारायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, "रविवारी बसत्यात ते कुठं?" त्या भल्या माणसानं बोट दाखवलं आणि मी सरळ बारमध्ये पोचलो. मालकानं ओळखलं. खुर्ची पुसली, ग्लास ठेवला, पिशवीतला कांदा बघून खूश झाला. मामा, मी बसलो. खोटं कशाला लिहू, चांगली पाच मिनिटं बसलो. तोंडाला पाणी सुटलं होतं आणि रडूही येत होतं. मग हिय्या करून त्यालाच विचारलं. तो पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "ते व्हय? शाळंच्या मागं. माझी निम्मी गिऱ्हाईकं तिकडंच गेली. तुमी बी चाललाव का?" एवढंसं ‘व्हय’ म्हणायला मला कधी इतका जोर लागला नव्हता.

शाळेमागच्या खोलीत प्रत्येक जण आपलं नाव सांगतो आणि पुढं मी दारुडा आहे असं म्हणतो. माझी पाळी आली. "मी धुळाप्पा" म्हणालो आणि पुढचं निघेना. शेवटी म्हणालो, "मी चकणा आणलाय." सगळे हसले, मीही हसलो. चहाबरोबर शेंगदाणे, शेव सगळं संपलं. कांदा तेवढा उरला.

पुढच्या रविवारी मात्र सांगितलं. मामींच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पहाटे जीप घेऊन येतो म्हणालो होतो आणि तिसऱ्या दिवशी उगवलो. मामी एसटीनं गेल्या आणि येताना डोळ्याला पट्टी बांधून उभ्यानं आल्या, कारण मी बसलो होतो. दैवशाला त्या दिवसापासून माहेरी, तुमच्याकडं आहे आणि तिनं बरोबर केलं. मला त्या गोष्टीची फार लाज वाटते. तुमच्यासमोर म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून आधी परक्यांसमोर म्हणून पाहिलं.

एवढा खुलासा दैवशालाच्या कानावर घालावा. बाकी माझं काही मागणं नाही. मामींना नमस्कार सांगावा, त्या घेणार असतील तर.

तुमचा भाचा (जावई म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा),
धुळाप्पा

ता. क. : मागणं नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. मामींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे असं आई म्हणाली. जीप घेऊन येऊ का? मंगळवारी दुपारीच येतो. घरात घेऊ नका, पाराजवळ जीपमध्येच झोपेन. सकाळी मामींनी आधी माझं तोंड हुंगावं आणि मगच गाडीत चढावं.

आणखी ता. क. : दैवशालानं मागं मामींजवळच बसावं, त्यांना आधार लागेल. पुढची सीट मी रिकामी ठेवतो. येताना मामींचा डोळा लागला आणि तिला पुढं येऊन बसावंसं वाटलं, तर हाक मारायची गरज नाही. मी आरशात बघत असेन.