वाढत्या अंगाची सायकल

अप्पा,

परवा माझं माप घेतलं. पंचावन्नाव्या वर्षी, आणि तेही शिंप्यानं नाही, सायकल बसवून देणाऱ्या एका बाईनं. असा धंदा असतो हे तुम्हाला पटलं नसतं. माणसाला स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसवायचं, गुडघ्याचा, खांद्याचा, कमरेचा कोन बघायचा आणि त्याप्रमाणे सीट, हँडल वरखाली करून द्यायचं. तुमच्या वेळी सायकलवाला सीटवर एक थाप मारायचा आणि झालं, न्या, म्हणायचा.

ही वेळ आली ती पाठीमुळे. गेल्या दीपावळीला मुलीनं मला सायकल घेऊन दिली. माझी मुलगी तुम्ही पाहिली नाही. सव्वीस वर्षांची आहे, कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते आणि मराठी समजत असून तमिळच बोलते. रविवारी पहाटे आम्ही दोघं वेस्ट मांबलमहून सायकली गाडीत टाकून तिरुवान्मियूरपर्यंत जातो आणि तिथून समुद्राच्या कडेनं इथल्या कोवलम गावापर्यंत सायकल चालवतो. घरी तिच्या कानात सतत काहीतरी खुपसलेलं असतं, मीटिंगमागून मीटिंग. कोवलमला होड्या लागलेल्या असतात, मासळीचा लिलाव चाललेला असतो, आम्ही जरा लांब बसून चहा पितो आणि तिथं ती बोलते. जूनमध्ये तिची बदली हैदराबादला होणार हेही तिनं तिथंच सांगितलं. म्हणजे माझ्या हातात मोजके रविवार होते आणि पाठ अशी की वाटेतलं उत्तंडी गाव यायच्या आत कमरेत कळ, मग मानेत, परतताना तर हँडल धरवेना. डॉक्टरांनी फोटो काढला, हाडांत विशेष काही नाही म्हणाले, सायकल सोडा आणि चाला. सहा रविवार ती एकटी गेली. मी गच्चीवर जाऊन ती परतायची वाट बघत उभा राहायचो.

खरं सांगायचं तर दोष माझा होता. दुकानात त्या माणसानं लहान मापाची सायकल पुढं केली होती. मी म्हटलं, नको, तिच्या वरची दाखवा. मुलीनं तिथंच विचारलं, अप्पा, तुम्ही अजून वाढणार आहात का? दुकानदार हसला, मीही हसलो आणि मोठीच घेतली. ती सवय कुठली हे तुम्हाला सांगायला नको. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात; आपल्या घरी अंथरूण आधी पसरायचं आणि पाय वाढायची वाट बघायची. शाळेची चड्डी गुडघ्याखाली, बुटांत पुढं वर्तमानपत्राचा बोळा, सदऱ्याला तीन दुमडी. सगळं वाढत्या अंगाचं. मी अकरा वर्षांचा असताना तुम्ही सायकल आणलीत तीही बावीस इंची, मोठ्या माणसाची. मला किती आनंद झाला होता. सगळ्या गल्लीत तसली सायकल कुठल्या मुलाकडे नव्हती. मी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत, अंग एका बाजूला पिळून शाळेत जायचो. नंतर सीटवर बसायला लागलो तेव्हाही पायडल खाली गेलं की कंबर त्या बाजूला घसरायची.

आठवीत असताना एकदा मी धीर केला. स्वयंपाकघरात तुम्ही जेवताय, पानात रसमभात आहे, आई भिंतीशी बसून तूप वाढतेय. मी म्हणतो, अप्पा, पाठ दुखते, ही देऊन ल्हान सायकल आणू या. तुम्ही वर बघतही नाही. भात कालवत म्हणता, "सायकल ल्हान होत नसते रे. तू मोठा हो." त्यात राग नव्हता. तुम्ही सहा फुटांना दोन बोटं कमी, तुमचे भाऊ तसेच. मी तसा होणार नाही अशी शंकाही तुम्हाला कधी आली नसावी. मी आईच्या वळणावर गेलो.

माप घेणारी ती बाई साताऱ्याकडची आहे. आधी मोटारींच्या कारखान्यात ड्रायव्हरच्या सीटचं काम करायची, ते सोडून हे सुरू केलं. स्टँडवर चढताना मी आई गं म्हटलं आणि ती एकदम मराठीत बोलायला लागली. आपली ही पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी ऐकून तिला गंमत वाटली, तिच्या आजीच्याही आजीची असावी तशी वाटते म्हणाली. तिनं उंची विचारली. मी पाच फूट सहा म्हटलं. तिनं भिंतीला उभं करून मोजली, पाच तीन भरली. तेवढीच लिहून घेतली. पायाची लांबी मोजायला मांड्यांत जाड पुस्तक धरायला सांगितलं. माझा हात पुढं होईना, पुस्तकाला पाय कसा लावायचा? मग तिनं लाकडी फळी दिली. गुडघ्यावरून ओळंबा सोडून तो पायडलवर कुठं पडतो ते पाहिलं. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होतो का पाहिलं. होत नव्हता, टाच अधांतरी. मला मागून चालवताना बघून म्हणाली की प्रत्येक फेऱ्याला तुमची कंबर डावीउजवीकडे झुलतेय, हँडलसाठी हात ताणलेत, कोपरं काठीसारखी ताठ. खड्ड्याचा प्रत्येक धक्का सरळ पाठीत जाणार. मी म्हटलं, सवय होईल, जरा ताणून बसलं की पुरतं.

"काका, सायकल माणसाच्या मापाची करतात," ती म्हणाली. "तुम्ही किती वर्षं उलटं करताय?"

तिनं सीट तीन बोटं खाली घेतली, थोडी पुढं सरकवली, नाक किंचित खाली केलं, हँडल धरणारा तुकडा बदलून आखूड लावला आणि हँडल वर घेतलं. फ्रेम मोठीच आहे पण निभेल, म्हणाली. कमरेत वाकू नका, खुब्यातून वाका, कोपरं सैल सोडा. घरी आणल्यावर मला ती सायकल लहान मुलाची वाटायला लागली. लाज वाटली. मी गपचूप पाना घेऊन सीट एक बोट वर केली आणि वळसा न घेता सरळ बाजारापर्यंत जाऊन आलो, तर कळ परत. हात दाखवून अवलक्षण. पुन्हा खाली केली.

तिचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. किती वर्षं? तुम्ही गेलात तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. कोइमतूरला शेतकीच्या कॉलेजात नाव लागलं होतं, ट्रंकही भरली होती. मग काका आले, तुमच्या ऑफिसातले साहेब आले. तुमची जागा मुलाला मिळते म्हणाले. लहान आहे अजून, पण वाढेल त्या जागेत. अठरा पूर्ण झाल्यावर मी तुम्ही आणलेली तीच सायकल काढून तिरुवल्लिकेणीच्या त्या ऑफिसात गेलो आणि तुमच्याच खुर्चीत बसलो. तिच्यावरून पाय जमिनीला टेकत नव्हते. पायांखाली जुन्या फायलींचा गठ्ठा घेतला. लोक येता-जाता म्हणायचे, अगदी वडिलांसारखा बसतो. मला ते ऐकून बरं वाटायचं, म्हणून मी आणखी ताठ बसायचो. सदतीस वर्षं झाली.

काल आम्ही दोघं पुन्हा कोवलमला गेलो. उत्तंडी मागं पडली, काही नाही. मुट्टुकाडचा पूल आला, पाठ शांत. वारा समोरून होता तरी पाय आपोआप फिरत होते. एरवी सगळं लक्ष कमरेकडे असायचं. काल ते रिकामं झालं आणि त्यात तुम्ही आलात. अप्पा, मला तुमचा राग आला. कधी नव्हे इतका आला. तुम्ही मुद्दाम मेला नाहीत हे मला कळतं. ती जागा तुम्ही मला घेऊन दिली नाहीत, तेही कळतं. आईच्या हातचा तो भात, ती सायकल, तुमची माया, सगळं खरं आहे. तरी राग आला, कारण मला कोइमतूरला जायचं होतं आणि पाठ दुखते म्हटल्यावर तुम्ही एकदा तरी मान वर करून माझ्याकडे बघायला हवं होतं. डोळ्यांना रस्ता दिसेना म्हणून मी कडेला थांबलो.

मुलगी मागं वळून आली. सायकल आडवी टाकून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, वाकून तोंडाकडे बघितलं आणि काय होतंय म्हणून विचारलं. हे पत्र तिला द्यावं असं रात्रीपासून मनात आहे, पण तिला ही लिपी वाचता येत नाही आणि वाचून दाखवायचा मला धीर नाही. तुमच्यासाठी लिहिलं आणि आता ते कपाटात ठेवीन. काल रस्त्यावर तिला मी पाठ दुखतेय असं सांगितलं. ती बिचारी लगेच त्या बाईला फोन लावायला लागली. पाठ मुळीच दुखत नव्हती.