बायजाची खोली आणि पॉलिशची मोटर

मी, चांगो पदू बडेकर, वय एकसष्ट, धंदा दातांच्या धातूच्या टोप्या व पट्ट्या बनवणे, राहणार चौक, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, आज शुद्धीवर असून, कोणाच्या भिडेखातर वा धाकाने नव्हे तर स्वतःच्या मनाने, माझ्या माघारी माझ्या मिळकतीचे काय करायचे ते लिहून ठेवतो. अक्षर वाकडे आहे. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर मुलगा हिरामण याला. मात्र मागची खोली, पडवी आणि विहिरीवरचा हक्क माझा मयत धाकटा भाऊ नागू याची विधवा बायजा हिच्या मालकीचा राहील. हिरामणने यावर कुरकुर करू नये. कारण पुढे कलम ४ मध्ये आहे.

२. जुन्या हातोड्या व ठोकण्याचे साचे कर्जतचे येसाजी सोनार यांना परत द्यावेत. सन १९५४ साली पत्रा साच्यावर ठोकून दाताची टोपी करायला मला त्यांनीच शिकवले. मी मात्र गिऱ्हाइकांना मुंबईत शिकलो असे सांगत आलो. ते खोटे होते.

३. ओतकामाचे सामान हिरामणला. सुरुवातीला आम्ही साचा आणि वितळलेला धातू डब्यात घेऊन, डबा साखळीला बांधून हाताने गरगर फिरवत असू, म्हणजे धातू साच्यात शिरे. माझ्या उजव्या पायावरचा डाग त्यातलाच. सन १९६६ मध्ये स्प्रिंगने फिरणारे मशीन आणले आणि साखळी फिरवणे सुटले. सन १९७६ पासून सोन्याऐवजी निकेलचा कडक धातू आला. त्याला जाळ मोठा लागतो आणि घासायलाही फार वेळ लागतो.

४. हे घासणे बायजा करी. नागू गेल्यावर ती पदरात मूल घेऊन आमच्याकडे आली आणि अकरा वर्षे पॉलिशच्या मोटरीपुढे बसली. तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. निकेलचा धातू सुरू झाल्यावर वर्षभरात ती म्हणाली, "भावजी, नाकातनं काळं येतंय. ही धूळ बरी नाय." मी म्हणालो, "पदर लाव गं तोंडाला. दार उघडं हाय ना?"

त्याच्या आधीच, धातू विकणाऱ्या मुंबईच्या माणसाने मला बजावले होते, की ही धूळ छातीत बसते, मोटरीला धूळ ओढणारा पंखा लावा आणि माणसाला जाड मुखपट्टी द्या. मी पंखा घेतला नाही, ओतकामाचे आणखी एक नवे मशीन घेतले. बायजाला काही सांगितले नाही. सांगितले तर ती काम सोडील, अशी मला भीती होती.

पुढे तिला धाप लागू लागली. क्षयाची औषधे दीड वर्ष झाली, उतार पडला नाही. लोक क्षय म्हणत, तिची ताटवाटी वेगळी ठेवत. मी ऐकत राहिलो. आज तिला विहिरीपासून खोलीपर्यंत यायला दोनदा बसावे लागते.

आता त्याच मोटरीपुढे माझी सून गोदा बसते. मागच्या महिन्यात ती खोकली, तेव्हा हिरामण तिला म्हणाला, "दार उघडं हाय ना?" माझेच शब्द त्याच्या तोंडून ऐकून मी जेवण सोडून उठलो. म्हणून हे लिहायला बसलो.

तरी माझ्या मरणाची वाट न पाहता माझ्या पोस्टातील शिलकीतून आधी पंखा बसवावा. मोटर हिरामणला, पण पंखा बसेपर्यंत ती कोणीही चालवू नये. हिरामणला हे मान्य नसेल तर मोटर त्याची नाही. ती साक्षीदारांनी उचलून न्यावी. उरलेल्या शिलकीतून बायजाचे औषधपाणी व्हावे.

५. वरील मजकुराचा कच्चा खर्डा मी काल बायजाला वाचून दाखवला. ती पडवीच्या खांबाला टेकून बसली. मग म्हणाली, "मी काम सोडलं नसतं, भावजी. पोराला घेऊन जाणार कुठं होते? पर मला ठाव तरी असतं." मी विचारले, तिने माफ केले असे लिहू का. ती म्हणाली, "खोली घेईन. माफीचं लिवू नका. ती मी दिल्याली नाय."

तिच्या सांगण्यावरून तसे नमूद केले आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर वाचून पाहिला, तो बरोबर आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : चौक
दिनांक : १८ नोव्हेंबर १९८६

सही : चांगो पदू बडेकर

साक्षीदार :
१. आबाजी जैतू ठोंबरे, राहणार चौक (सही)
२. पोपट आबाजी ठोंबरे, राहणार चौक (सही)