तांबड्या कालवडीची आई

गॅबोरोन,
१४ ऑगस्ट

प्रिय रापुलामामा,

दिमाकात्सोचा नमस्कार. हिवाळा सरत आला तरी तुरुंगात थंडी फार असेल. आईने स्वेटर आणि वाळवलेली भाजी पाठवली आहे. भाजी आत देतात की नाही, ठाऊक नाही. इथे सगळे बरे आहेत. ऑगस्टचा वारा सुटलाय, जेवताना घासाबरोबर धूळही जाते.

माझं लग्न ठरलं. मुलाकडचे पुढच्या महिन्यात वधूमोलाची आठ गुरं घेऊन येणार. आईचं एकच पालुपद, "मामा नाही तर गुरं उतरवून घेणार कोण?" तुमच्या जागी बसायला धाकटे मामा तयार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

माझ्या कामाची तुम्ही नेहमी थट्टा करायचात. "गुरांचं रक्त तपासतेस, मग डॉक्टरीण तरी म्हणवून घे!" अजून तेच काम चालू आहे. चोरीच्या गुरांचं रक्त आणि केस येतात. पाकिटावर नाव नसतं, नुसता आकडा. मार्चमध्ये अशीच दोन पाकिटं जुळली, एक कालवडीचं, एक गायीचं. ही कालवड याच गायीची, असं मी लिहिलं आणि सही केली. त्यात चूक नव्हती, आजही नाही.

साक्षीचं समन्स आलं, त्यावर तुमचं नाव वाचलं, तेव्हा कळलं की ती पाकिटं तुमच्याच खटल्यातली. आरोपी माझा मामा आहे, हे तेव्हाच प्रयोगशाळेतल्या साहेबांना सांगायला हवं होतं. आडनाव वेगळं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मला नोकरीत कायम केल्याचा कागद यायचा होता, म्हणून मी गप्प बसले.

कोर्टात मला एवढंच विचारलं, "कालवड त्या गायीची?" मी हो म्हणाले. मग न्यायाधीशांनी तुम्हाला विचारलं, "म्हाताऱ्याने कालवड तुला दिली म्हणतोस. ऐकलं कुणी?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, "गुरांनी ऐकलं असेल, साहेब. पण ती बोलत नाहीत."

लोक हसले. तुम्हाला चार वर्षांची सजा झाली.

मामा, गेल्या नाताळात त्या म्हाताऱ्याने कालवड दिली तेव्हा मी गोठ्याच्या कुंपणाशीच उभी होते, हातात दुधाचं भांडं घेऊन. बासिमाने आजोबा म्हणाले, "रापुला, सहा वर्षं माझी गाय राखलीस. ही तांबडी आता तुझी." गाय त्यांची, राखण तुमची, दूध तुमचं, आणि मालक खूश झाला की एखादी कालवडही. आपल्याकडे याचा कागद कोण करतं? फेब्रुवारीत आजोबा गेले आणि त्यांच्या मुलाने तुमच्यावर चोरीची फिर्याद केली. त्याला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून वेड पांघरलं, देव जाणे.

ती कालवड कुणाच्या पोटची, ते रक्तात दिसतं. ती तुमची कशी झाली, ते दिसत नाही. ते मला ठाऊक होतं. मला लाज वाटते, मामा.

काल साहेबांना सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, "बाई, नोकरी जाईल, कळतंय ना? तुझे जुने अहवालही पुन्हा तपासतील." म्हटलं, तपासू देत. सोमवारी वरच्या कोर्टात माझा जबाब आहे.

कोर्टात माझं नाव न घेता जे तुम्ही वाचवलंत ते मी घालवलं, म्हणून रागवाल. रागवा. मुलाकडच्यांना निरोप गेला आहे की मामा घरी येईपर्यंत गुरं तिकडेच राहू देत.

तुमची भाची, आणि त्या दिवशी कुंपणाशी उभी असलेली तुमची साक्षीदार,
दिमाकात्सो